किती वॅटच्या ॲम्पला कोणता टॉवर?

माझ्या मावसभावाने, म्हणजे आम्हा भावंडांच्या दादाने, निवृत्त झाल्यावर टॉवर स्पीकर घ्यायचं ठरवलं आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातूनच मला फोन लावला. "माझा ॲम्प ६० वॅटचा आहे. हे म्हणतात टॉवर १५० वॅटचे आहेत, ॲम्प पुरणार नाही, मोठा घ्या. खरं का रे?" मी म्हटलं, "दादा, आज काही घेऊ नकोस. रविवारी मी मीटर घेऊन येतो."

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. प्रश्न रास्त आहे. फक्त तो वॅटपासून सुरू होतो, आणि ॲम्प-स्पीकरच्या जोडीबद्दल वॅटचा आकडा सगळ्यात कमी सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: आधी खोली बघावी, मग स्पीकर किती ओहमपर्यंत खाली उतरतो ते, मग त्याची संवेदनशीलता, आणि वॅट सगळ्यात शेवटी. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

स्पीकरच्या मागच्या पट्टीवरचे १५० वॅट म्हणजे तो किती सोसू शकेल याचा अंदाज. तो वाजायला किती लागतील याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. १५० वॅटचा स्पीकर १० वॅटवर उत्तम वाजतो, आणि बहुतेक घरांत तो आयुष्यभर त्याहून कमीवरच वाजतो. ॲम्पवरच्या वॅटची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत कंपन्यांनी हे आकडे इतके फुगवले की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला: घरगुती ॲम्पची ताकद दोन्ही चॅनल एकदम चालवून, सलग, ठरावीक ओहमवर आणि ठरावीक विकृतीच्या आत मोजायची, आणि जाहिरातीत तसंच लिहायचं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात ज्यांनी टू-इन-वन घेतला त्यांना डब्यावरचे हजार-दोन हजार वॅट 'पीएमपीओ' आठवत असतील. तसाच फुगवटा आज छोट्या क्लास-डी ॲम्पवर दिसतो. हातात मावेल एवढ्या डबीवर ३०० अधिक ३०० वॅट लिहिलेलं असतं आणि सोबतचा अडॅप्टर असतो ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा. गुणाकार केला की १६० वॅट येतात. दोन्ही चॅनल मिळून, सलग, भिंतीतून येणारच तेवढे. त्याहून जास्त बाहेर निघणार कुठून? या डब्या वाईट नसतात, काही तर फार चांगल्या वाजतात. पण त्यांचा खरा आकडा अडॅप्टरवर असतो.

आता वॅटचं आवाजाशी नातं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ६० वॅटचा ॲम्प विकून १०० वॅटचा घेतला तर पदरात २.२ डेसिबल पडतात. दादाच्या दुकानदाराने त्याला एवढ्यासाठी मोठा खर्च सुचवला होता.

स्पीकरच्या बाजूने मात्र डेसिबल स्वस्तात मिळू शकतात. संवेदनशीलता म्हणजे स्पीकरला ठरावीक वीज दिली तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. घरगुती टॉवरमध्ये तो साधारण ८४ ते ९२ च्या दरम्यान असतो. समजा तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतरामुळे नेहमीच्या खोलीत ६ डेसिबल घटले, दोन स्पीकर असल्यामुळे ३ परत आले. घरात गाणं मन लावून ऐकताना सरासरी आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो आणि तबल्याची थाप किंवा तानेची उसळी त्याच्या १५ ते २० डेसिबल वर जाते. म्हणजे ९५ ची सोय हवी. ८८ च्या स्पीकरला त्यासाठी प्रत्येक बाजूला १० वॅट लागतात. ८४ च्या स्पीकरला २५. ९२ च्या स्पीकरला फक्त ४. मोठ्या हॉलमध्ये कोणी सिनेमाच्या थिएटरसारखं ऐकणार असेल तर हे आकडे दहापट होतील; पण फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांसोबत राहून ऐकणाऱ्याचा हिशेब हाच आहे.

मग सगळेच स्पीकर ९२ चे का बनवत नाहीत? इथे थोडा इतिहास सांगावा लागतो. १९४६ साली पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या होप या गावी कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा स्पीकर बनवायला सुरुवात केली. खोलीच्या दोन भिंतींनाच भोंग्याचा पुढचा भाग करून घेतल्यामुळे त्याची संवेदनशीलता कंपनीच्या म्हणण्यानुसार १०५ डेसिबल होती. त्या काळच्या १०-१५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पला तो सहज पेलायचा, पण आकार कपाटाएवढा. १९५४ साली एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लोस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि उलट वाट धरली: डबा लहान आणि हवाबंद, आतल्या हवेचीच स्प्रिंग. एवढ्याशा डब्यातून एवढा खोल खर्ज लोकांनी तोवर ऐकला नव्हता. किंमत मोजावी लागली ती संवेदनशीलतेत. स्पीकर वीज खाऊ लागला आणि ॲम्पला वॅट वाढवावे लागले. क्लोस यांच्या पुढच्या कंपनीतले भागीदार हॉफमन यांच्या नावाने एक नियमच रूढ झाला: लहान डबा, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी डबा, वूफर आणि पोर्ट यांचं गणितच मांडून दिलं. आजचे बहुतेक टॉवर त्यांच्या समीकरणांवर उभे आहेत, पण हॉफमनचा नियम त्यांनाही मोडता आला नाही.

टॉवरचं खरं बळ इथेच आहे. जमिनीवर तो जेवढी जागा घेतो तेवढीच स्टँडवर ठेवलेला बुकशेल्फ स्पीकर घेतो, पण टॉवरमध्ये स्टँडच्या जागीही डबा असतो. डबा मोठा, म्हणून खर्जही खोल आणि संवेदनशीलताही दोन-तीन डेसिबल जास्त.

पण हे दोन-तीन डेसिबल नीट तपासून घ्यायला हवेत, आणि जोडी जुळवताना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. टॉवरमध्ये सहसा दोन वूफर असतात. प्रत्येक ८ ओहमचा असेल आणि दोन्ही समांतर जोडले असतील तर ॲम्पला समोर दिसतात ४ ओहम. संवेदनशीलता मोजायची रूढ पद्धत अशी की स्पीकरला २.८३ व्होल्ट द्यायचे. ८ ओहमवर हे बरोबर १ वॅट होतात. ४ ओहमवर मात्र २ वॅट. म्हणजे ९० डेसिबलचा ४ ओहमचा टॉवर खऱ्या १ वॅटवर ८७ चाच असतो; वरचे ३ डेसिबल ॲम्पने दुप्पट करंट देऊन भरलेले असतात. शिवाय काही कंपन्या हा आकडा प्रतिध्वनीरहित दालनात न मोजता खोलीतला धरतात, तो आणखी दोन-तीनने चढा दिसतो. माहितीपत्रकात 'डेसिबल' शब्दापुढे काय लिहिलंय, वॅट की व्होल्ट, हे बघण्याची सवय लावून घ्यावी.

ओहमबद्दलही असंच. पत्रकावरचे '८ ओहम' हा एक नाममात्र आकडा आहे. प्रत्यक्षात स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विरोध, सुरासुराला बदलतो: कुठे ३० ओहमपर्यंत चढतो, कुठे ४ च्या खाली उतरतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की किमान आकडा नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली जायला नको आणि ४ चा ३.२ च्या खाली. बाजारात हे सर्रास पाळलं जात नाही. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०२ डी३ या प्रसिद्ध टॉवरच्या पत्रकात ८ ओहम आणि लगेच पुढे किमान ३ ओहम असं दोन्ही लिहिलं होतं. निदान लिहिलं तरी होतं. कित्येक स्वस्त टॉवरच्या पत्रकात किमान आकडाच नसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टॉवरमध्ये हा तळ बहुधा १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. पुरुष गायकाचा षड्ज, तबल्याचा भरणा, पखवाज, सारं काही तिथेच. म्हणजे ॲम्पला सगळ्यात जास्त राबवणारा भार नेमका त्या सुरांवर येतो जिथे संगीतात सगळ्यात जास्त ऊर्जा असते.

ॲम्पच्या बाजूने बघू. ॲम्प देतो ते व्होल्ट, करंट ओढून घेतो तो स्पीकर. २० व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, ५० वॅट होतात. त्याच २० व्होल्टवर ४ ओहमचा ५ अँपिअर ओढतो, १०० वॅट. ३ ओहमला पावणेसात अँपिअर. हा करंट देणं म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, मोठं हीटसिंक. म्हणजेच वजन आणि पैसा. म्हणून ॲम्पच्या पत्रकात ८ ओहमचा आणि ४ ओहमचा असे दोन्ही आकडे शोधावेत. ५० चे ४ ओहमवर ९०-१०० होत असतील तर तो ॲम्प कुठल्याही शहाण्या टॉवरला पेलेल. ७० होत असतील तर ६ ओहमच्या आसपासचा टॉवर घ्यावा. ४ ओहमचा आकडाच नसेल तर तो का दिला नाही हे ओळखून ८ ओहमचा, किमान ६ च्या वर राहणारा स्पीकर शोधावा. १९७८ साली आलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा ॲम्प याचं जुनं, सुंदर उदाहरण. कागदावर फक्त २० वॅट. पण क्षणभराच्या उसळीला तो त्याच्या कितीतरी पट देऊ शकायचा आणि कमी ओहमला डगमगायचा नाही. त्याच्याहून तिप्पट वॅट लिहिलेले ॲम्प त्याच स्पीकरवर धाप टाकत होते. दुसऱ्या टोकाला १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर. तो १ ओहमवर उतरायचा, आणि त्याला चालवू शकणारे ॲम्प जगात बोटांवर मोजण्याइतकेच होते.

होम थिएटरचा रिसीव्हर आणि मोठे टॉवर ही जोडी आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांत दिसते आणि सगळ्यात जास्त फसते. माझंही फसलं आहे. १४ वर्षांपूर्वी मी ४ ओहमचे टॉवर एका सात चॅनलच्या रिसीव्हरला जोडले. तो टीव्हीखालच्या लाकडी कप्प्यात, वर जेमतेम दोन बोटं जागा. पत्रकात १०० वॅट होते, पण ते एकच चॅनल चालवून मोजलेले होते, हे मी बारीक अक्षरांत नंतर वाचलं. एका संध्याकाळी तबल्याच्या एकलवादनाची सीडी लावली होती. द्रुत लयीतला रेला सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला सारं शांत झालं. पुढच्या काचेमागे लाल अक्षरं लुकलुकत होती. वरच्या जाळीवर हात ठेवला तर ठेववेना. रिसीव्हर बिघडला नव्हता, त्याने स्वतःला वाचवलं होतं. अशा बऱ्याच रिसीव्हरच्या मेनूत ४ ओहमची एक निवड असते. ती केली की ॲम्प बळकट होतो असा समज आहे. बहुतेक ठिकाणी उलट घडतं: आतला व्होल्टेज कमी केला जातो, म्हणजे गरम कमी होतो आणि ताकदही कमी मिळते.

आणखी एक समज इथेच निकालात काढतो. 'कमी वॅटचा ॲम्प स्पीकर जाळतो' हे अर्धं खरं आहे. छोटा ॲम्प त्याच्या मर्यादेत वाजवला तर काहीही जळत नाही. मर्यादेपलीकडे रेटला की लाटांचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो, आणि खर्जाचे शेंडे कापले जात असताना वरचे सूर मात्र वाढतच राहतात. ट्वीटरला सहन होतात जेमतेम काही वॅट. त्याच्या वाट्याला दुप्पट-तिप्पट आले की त्याची केसासारखी तार वितळते. आवाज फाटला की हात आवाजाच्या बटणाकडे गेला पाहिजे, एवढी दक्षता पुरते.

रविवारी मी डोंबिवलीला गेलो. ११ बाय १५ फुटांचा हॉल, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेचं शोकेस, दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट. दादाकडे जुने बुकशेल्फ स्पीकर होते. मी त्याला सांगितलं, तुझी सगळ्यात आवडती रेकॉर्डिंग लाव आणि तुला जास्तीत जास्त जेवढा आवाज लागतो तेवढा कर. त्याने भीमसेनजींचा अभंग लावला, बटण फिरवत गेला, आणि वहिनी आतून बाहेर आल्या तिथे थांबला. त्या जागी बटणाला हात न लावता मी गाणं थांबवलं, स्पीकरच्या तारा काढल्या आणि पेन ड्राइव्हवरचा १२० हर्ट्झचा एक सलग सूर लावला, जो पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला होता. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून टोकं ॲम्पच्या टर्मिनलला लावली. आकडा आला २.२ व्होल्ट. १२ डेसिबल म्हणजे चौपट, म्हणून गाण्याच्या सर्वांत मोठ्या शिखराला ८.८ व्होल्ट. वर्ग करून स्पीकरच्या ८ ओहमने भागलं तर ९.७ वॅट. दादा बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. "म्हणजे ६० पैकी पन्नास मी कधी वापरलेच नाहीत?" मी म्हटलं, "ते राखीव आहेत, असू देत."

ही मोजणी कोणीही साध्यातल्या साध्या मीटरने करू शकतो आणि ॲम्प बदलायचा विचार असेल तर दुकानात जायच्या आधी करावी. एकच सावधगिरी: व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर स्पीकर काढून कधीही चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. तिथे स्पीकर जोडलेलेच ठेवून मोजावं.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर तो स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण वरचे सगळे नियम ट्रान्झिस्टर ॲम्पचे होते. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो, त्यामुळे स्पीकर किती ओहम दाखवतो याने सुरांचा समतोल बदलत नाही. ३०० बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प घ्या: ताकद ८ वॅटच्या आसपास, आणि आउटपुट इम्पीडन्स दोन-तीन ओहम. हे अडीच ओहम स्पीकरसोबत वीज वाटून घेतात. जिथे स्पीकर ३० ओहमचा आहे तिथे त्याला जवळपास पूर्ण वाटा मिळतो, जिथे ४ चा आहे तिथे बराच कमी. फरक साडेतीन डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे स्पीकरच्या ओहमचा जो चढ-उतार आहे, तोच आवाजात ऐकू येतो. कोणाला तो रंग गोड वाटतो, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण अशा ॲम्पला ९२ च्या वरची संवेदनशीलता आणि शक्य तितका सपाट इम्पीडन्स असलेला स्पीकरच हवा. ८५ डेसिबलच्या, ४ ओहमच्या देखण्या टॉवरला तो जोडणं म्हणजे दोघांवरही अन्याय. ईएल ३४ च्या पुश-पुल ॲम्पचं गणित यापेक्षा पुष्कळ सोपं. ३०-४० वॅट, फीडबॅक असलेला, ८ आणि ४ ओहमचे वेगळे टर्मिनल. दोन्ही टर्मिनलवर ऐकून जे भरदार वाटेल ते ठेवावं. स्पीकरच्या बाजूनेही एक अपवाद आहे. पुण्याच्या कॅडेन्स या कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल आणि साधा वूफर एकत्र केलेले स्पीकर बनवले. पॅनल म्हणजे मुळात कपॅसिटर, त्याचा इम्पीडन्स वरच्या सुरांत घसरत जातो, म्हणून तिथे ॲम्पची कसोटी खर्जात नसून वरच्या टोकाला लागते.

क्लास-डीच्या जुन्या रचनांमध्येही व्हॉल्व्ह ॲम्पसारखाच एक दोष होता. शेवटच्या फिल्टरमुळे सर्वांत वरचे सूर स्पीकरच्या ओहमप्रमाणे कमी-जास्त व्हायचे. ब्रुनो पुत्झेस यांच्यासारख्या अभियंत्यांनी फीडबॅक फिल्टरच्या पुढून घ्यायला सुरुवात केल्यावर तो प्रश्न मिटला. आज कमी ओहमच्या टॉवरला कमी पैशात आणि कमी उष्णतेत पेलायचं असेल तर चांगला क्लास-डी ॲम्प हा मला सर्वांत शहाणा पर्याय वाटतो.

डॅम्पिंग फॅक्टरच्या, म्हणजे स्पीकरच्या ओहमला ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सने भागून येणाऱ्या, २०० किंवा ५०० अशा आकड्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. स्पीकरच्या कॉइलचाच रोध ६ ओहमच्या घरात असतो. ॲम्पचे ०.०४ ओहम काय आणि ०.४ काय, एकूण रोधात फरक पडतो ६ टक्के. तारेचंही तेच. इलेक्ट्रिशियन ज्याला अडीचची वायर म्हणतो ती पाच मीटर घेतली तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात. हार्डवेअरच्या दुकानातली चांगली तांब्याची अडीचची वायर पुरते.

मग ॲम्प बदलल्याने आवाज बदलतो की नाही? या वादाला अनेक दशकं झाली. १९८५ साली बॉब कार्व्हर या अभियंत्याने स्टीरिओफाइल या अमेरिकन मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कुठलाही महागडा ॲम्प निवडा, मी माझा स्वस्त ॲम्प त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. दोन्ही ॲम्पचे सिग्नल एकमेकांतून वजा करून, उरलेला फरक जवळजवळ शून्यावर येईपर्यंत तो आपल्या ॲम्पमध्ये बदल करत गेला. शेवटी समीक्षकांना दोघांत फरक सांगता आला नाही. त्याला प्रामुख्याने जुळवावा लागला तो आउटपुट इम्पीडन्स आणि त्यातून येणारा सुरांचा समतोल. म्हणजे ॲम्पमधला ऐकू येणारा फरक असतो, पण तो बहुतांशी मोजता येण्याजोग्या, साध्या कारणांनी असतो. स्पीकरमधला फरक याच्या कैक पट मोठा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्यामागे स्पीकर ठेवून श्रोत्यांना ऐकवले. स्पीकर दिसत नसताना बहुतेक श्रोत्यांची पसंती एकाच दिशेने गेली: समोरून सपाट आणि बाजूलाही गुळगुळीत आवाज देणारे स्पीकर. नाव, किंमत, आकार कळला की मात्र मतं बदलतात. हे वाचल्यापासून मी स्पीकर निवडताना 'याला अमुक ॲम्पच शोभतो' या सल्ल्याकडे लक्ष देणं सोडलं. ॲम्पला पेलतो का, हे एकदा मोजून घ्यावं. त्यानंतर निवड फक्त स्पीकरच्या आवाजावर करावी.

आणि खोलीवर. दादाच्या हॉलची लांबी १५ फूट, म्हणजे तिथे ३७-३८ हर्ट्झला एक लाट अडकून घुमते. ११ फुटांच्या रुंदीत ५१ ला, साडेनऊ फुटांच्या उंचीत ५९ ला. अशा खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली जे ऐकू येतं त्यावर स्पीकरपेक्षा खोलीची सत्ता जास्त असते. परदेशी समीक्षणं वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती खर्जाबरोबर थोड्या हलतात आणि तो शोषून घेतात. आपली आरसीसीची चौकट आणि विटांची भिंत हलत नाही. खर्ज आहे तसा परत येतो. जो टॉवर तिकडे 'भरदार' म्हणून वाखाणला जातो तो इथल्या टाइल्सच्या हॉलमध्ये, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला की घुमतो, आणि मग दोष ॲम्पला दिला जातो. १० बाय १२ च्या बंद बेडरूमसाठी मी टॉवर सुचवतच नाही.

आपल्याला खर्ज हवा तरी किती? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झचा आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ ची. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेची खर्जाची तार १०४ ला. डग्ग्याचा घुमारा आणखी थोडा खाली उतरतो. ४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा मध्यम टॉवर अभिजात गाणं, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीतं यांना पुरून उरतो. आपलं संगीत स्पीकरची परीक्षा वर, मधल्या पट्ट्यात घेतं. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर सुरेल पटींत बसतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवलं. तंबोऱ्याच्या जवारीचाही त्यांनी अभ्यास केला. त्या उपस्वरांची रांग वूफरकडून ट्वीटरकडे जिथे सोपवली जाते तिथे स्पीकर कच्चा असेल तर जवारीचा झणकार तुटक होतो आणि तबल्याच्या 'ना' या बोलाची किनार पत्र्यासारखी लागते. नुसता तंबोरा दोन मिनिटं ऐकून जे कळतं ते चकचकीत डेमो सीडीवर अर्ध्या तासातही कळत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंद, पियानोचा २७.५ हर्ट्झचा तळ किंवा आजचे सिनेमे ज्याला पूर्ण ऐकायचे आहेत, त्याने त्याच पैशात छोटे टॉवर आणि एक वेगळा सबवूफर घ्यावा. सबवूफरचा ॲम्प त्याच्यातच असतो, मुख्य ॲम्पवरचा भार उतरतो आणि खर्जाचा डबा खोलीत जिथे कमी घुमेल तिथे सरकवता येतो.

दादासाठी आम्ही ठरवलं ते असं: ६ ओहमचा, किमान ४.५ च्या वर राहणारा, ८८ डेसिबलचा, पाच-पाच इंची दोन वूफरचा टॉवर. ॲम्प आहे तोच. दुसऱ्या एका दुकानदाराने डेमोची जोडी दोन दिवसांसाठी घरी द्यायचं कबूल केलं. पहिल्या संध्याकाळी ते शोकेसच्या दोन बाजूंना, भिंतीला लागून उभे होते आणि डग्गा शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा येत होता. आम्ही ते इंच-इंच पुढे ओढत आलो. दीड फुटावर घुमणं कमी झालं, सव्वादोन फुटांवर थापेला कडा आली. मागच्या पोर्टमध्ये सोबत आलेला फोमचा बोळा घातल्यावर तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या मोजता येऊ लागल्या. दादा डोळे मिटून बसला होता. मी वहिनींना विचारलं, "एवढे पुढे आलेले चालतील का तुम्हाला?" त्या काही बोलल्या नाहीत. आतून पिवळी चिकटपट्टी घेऊन आल्या आणि दोन्ही टॉवरच्या पायांभोवती टाइल्सवर खुणा करून ठेवल्या, म्हणजे लादी पुसताना सरकले तरी परत त्याच जागी ठेवता येतील.